पेठेत पडलेला पहिला उंदीर

‘उंदीर पडला’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते सातारा भागातल्या मलकापुरात, माझ्या माहेरी. तेव्हा मी अगदी लहान होते. शेजारच्या घरात भिंतीच्या कडेला एक उंदीर मरून पडला, एवढंच मला कळलं. पुढच्याच आठवड्यात आई गेली. तिच्या जांघेत प्लेगची गाठ आली होती, आणि शेवटी शेवटी तापात ती मला ओळखत नव्हती. त्यानंतर उंदीर दिसला की मी घराबाहेर पळायची.

आणि माझं लग्न झालं ते सांगलीच्या पेठेतल्या एका अडत्याच्या घरात, जिथं उंदीर मारायची बंदी होती.

पुढं दुकान, मागं घर आणि मधे वखार, अशी आमची रचना. वखारीत शेंगांची पोती, शाळू, गुळाच्या ढेपा. माझ्या सासऱ्यांना पेठ आण्णा म्हणायची, मी मामा म्हणायची. आमचं घर जैनाचं. मामा पहाटे उठून ओल्या धोतरानं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात जायचे, अभिषेक झाल्याशिवाय तोंडात पाणी घालायचे नाहीत, आणि ते पाणीही कपड्यानं गाळलेलं. गाळून झाल्यावर तो कपडा ज्या आडाचं पाणी त्याच आडात अलगद खळबळायचा, म्हणजे त्यात अडकलेला बारीक जीव आपल्या घरी परत जाईल. हे काम त्यांनी कधी बायकांवर सोडलं नाही. सूर्य मावळायच्या आत घरातलं जेवण उरकलं पाहिजे हा नियम. बायकांनी मागून जेवायचं ठरवलं तर त्यांना उपाशीच झोपावं लागेल, म्हणून पुरुषांच्या पंक्तीलाच बायकांची पानं मांडायची रीत त्यांनी घरात पाडली. मी नवी नवरी, सासऱ्यांच्या समोर बसून जेवायची मला इतकी लाज वाटायची की पहिले काही दिवस मी अर्धपोटीच उठायची. ते त्यांच्या लक्षात आलं. मग ते भिंतीकडं तोंड करून बसायला लागले.

दुकान बंद केलं की ते गावाचे. परगावच्या गरीब पोरांसाठी त्यांनी राहायची-जेवायची सोय केली होती, तिथं एक फेरी असायची. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि खांदे कमी पडले की निरोप आमच्याकडं यायचा, मग ते घर कुठल्या का जातीचं असेना.

उंदरांसाठी वखारीत पिंजरे होते. सापडलेले उंदीर हमालांनी नदीपलीकडच्या रानात नेऊन सोडायचे, असा मामांचा हुकूम. हमाल हसायचे. एकजण म्हणायचा, “आण्णा, त्ये आमच्या आदी घरी येत्यात.” मामाही हसायचे आणि पिंजरा परत त्याच्या हातात द्यायचे.

ती लढाईची वर्षं. रॉकेल मिळायची मारामार, कापडाला रांगा. बेचाळीसची धामधूम सातारा भागात अजून धुमसत होती, त्यामुळं माहेरचं माणूस आलं तरी आधी भीती वाटायची की काय बातमी आणली. त्यात मला पहिल्यांदाच दिवस गेले होते. दिवाळी नुकतीच झाली होती. नव्या शेंगांच्या गाड्या पेठेत यायला लागल्या होत्या आणि रस्त्यात बैलांमुळं पाय ठेवायला जागा नव्हती.

एका सकाळी मी वखारीच्या मागल्या दाराशी झाडत होते. भर उजेडात एक मोठा उंदीर आतून बाहेर आला. मला बघून तो पळाला नाही. दारू प्यालेल्या माणसासारखा झुलत माझ्या पायांच्या दिशेनं आला, जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या आणि आडवा झाला. त्याच्या तोंडाशी रक्त होतं. माझ्या हातातला खराटा गळून पडला.  माझा हात आपोआप पोटावर गेला होता.

मी आत जाऊन मामांना सांगितलं. ते आले, लांबून बघितलं. कुणी हात लावायचा नाही म्हणाले, दाराला कडी घातली आणि देवघरात जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत.

ते आत का बसलेत हे मला सासूबाईंनी सांगितलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. उंदीर पडल्याचं नगरपालिकेला कळवलं की सॅनिटरी इन्स्पेक्टर माणसं घेऊन येणार. वखारीतल्या बिळाबिळात पंपानं विषारी भुकटी फुंकणार आणि बिळं चिखलानं लिंपून टाकणार. आतला एक जीव वाचणार नाही. ज्यांनी जन्मभर मुंगी चुकवून पाय टाकला, त्यांना ते आपल्या तोंडानं सांगायचं होतं. आणि न सांगावं तर गाव मरणार होतं.

दुपारी शेजारच्या दुकानाचे मालक आले. त्यांना कुठून तरी वास लागला होता. मामांचे ते लहानपणापासूनचे सोबती. मी भिंतीआड उभी होते.

“आण्णा, नदीला टाका आणि मोकळे व्हा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “शेंगांचा हंगाम हाय. आज कळवलंत तर उद्या पेठेला कुलूप लागंल. माझ्या वखारीत काय पडलं न्हाई असं वाटतंय काय तुमाला?”

मामांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाले, “तुमच्यात कवा पडला?”

शेजारी तसेच उठून गेले. मला वाटतं मामांचं ठरलं ते तेव्हा. त्यांनी टोपी घातली आणि स्वतः नगरपालिकेत गेले.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आला. त्याच्याबरोबरच्या माणसांच्या तोंडाला फडकी होती. आम्हा बायकांना रस्त्यापलीकडं उभं केलं होतं, पण वखारीचं दार सताड उघडं असल्यामुळं सगळं दिसत होतं. पायानं दाबायचा पंप, त्याची नळी बिळात घातलेली. माणूस पंपावर पाय ठेवणार एवढ्यात मामा पुढं झाले. इन्स्पेक्टर त्यांना मागं सरा म्हणत होता. मामांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

“हुकूम माझा,” ते म्हणाले. “मग पाय दुसऱ्याचा कशाला?”

इन्स्पेक्टरनं त्यांच्या तोंडाला फडकं बांधलं आणि पहिल्या बिळापुरतं त्यांना करू दिलं. आतून जो आवाज आला तो मला रस्त्यापलीकडं ऐकू आला. बारीक, चिरका, आणि मग काही नाही. मामा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आत्याबाई त्यांच्याकडं न बघता घोकत होत्या, णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं.

शेजारी म्हणाले होते तसंच झालं. पेठेला कुलूप लागलं. इतर वखारींतूनही मेलेले उंदीर निघाले, काही तर सुकलेले, म्हणजे कितीतरी दिवसांचे. मग माणसं पडायला लागली. गाव ओस पडत चाललं. आम्हीही, मामा, आत्याबाई, माझे यजमान आणि मी, विश्रामबागेच्या पुढच्या माळावर तट्ट्यांचं खोपट उभारून राहायला गेलो. शेजारच्या मालकांचं खोपट आमच्या लागूनच होतं. रस्त्यावरून मढी जायची तेव्हा आत्याबाई मला आत ओढायच्या, पोटुशी बाईनं बघू नये म्हणून. पण लोकांची हरिनामाची कुजबूज तट्ट्यांतून आत यायचीच.

मामांनी चौकात उभं राहून, सगळ्यांना दिसेल असं, दंडावर प्लेगची लस टोचून घेतली. पाठोपाठ लोकांनी टोचून घेतलं. मला मात्र पोटात मूल असल्यामुळं टोचू नये असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून रात्री कूस बदलताना मी जांघ चाचपून बघायची. गाठ नाही ना. पुन्हा चाचपायची.

आजाऱ्यांसाठी गावाबाहेर पत्र्याची शेड उभी केली होती. तिथं जायला माणूस मिळेना. मामांनी तालमीतली पोरं गोळा केली. कुणी मराठा, कुणी धनगर, कुणी मुसलमान. पोरं धिप्पाड, पण पहिल्या दिवशी शेडच्या दाराशी सगळ्यांचे पाय थबकले. मामा आत गेले म्हणून ती गेली. वडुजाकडचं एक धनगराचं पोर त्यात सगळ्यांत पुढं असायचं. तालमीत कुस्ती शिकायला आलं होतं. मामा त्याला “गड्या” म्हणायचे.

मामा रोज सकाळी जायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. पण खोपटापाशी यायचे नाहीत. लांब बाभळीखाली थांबायचे. तिथं आम्ही ऊन पाण्याची घागर आणि धुतलेली धोतरं ठेवलेली असायची. अंघोळ करून पत्रावळीवर तिथंच जेवायचे आणि तिथंच झोपायचे. माळावर ते लांबून येताना दिसले की मी आधी त्यांच्या चालण्याकडं बघायची. जांघेत गाठ असली की माणूस पाय फाकून चालतो, हे मी आईचं बघितलं होतं. ते सरळ चालत आले की मी चुलीकडं वळायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आत्याबाईही तेच बघत होत्या.

लोक काय बोलत होते ते आमच्या कानावर यायचं. काहीजण म्हणायचे, आण्णांनी पंपावर पाय दिला, त्या पापानं साथ आली. असं म्हणणाऱ्यांत बस्तीतलीही माणसं होती. दुसरे म्हणायचे, यांनी गवगवा केला नसता तर पेठ उघडी राहिली असती. मामा ऐकायचे. आणि सकाळ झाली की शेडकडं निघायचे.

मग शेजारच्या मालकांच्या बायकोला ताप आला. त्यांनी तिला घोंगड्याखाली दडवलं, पुढं पोत्यांची थप्पी लावली, आणि बाई माहेरी गेली असं सांगितलं. आम्हाला रात्रंदिवस तिचं कण्हणं ऐकू येत होतं. मामांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेडमध्ये नेताना ती वाटेतच गेली. दुसऱ्या दिवशी मामा माळभर हिंडले, प्रत्येक खोपटापासून लांब उभे राहून. हात जोडून सांगत होते, आजारी माणूस लपवू नका, त्यानं माणूस वाचत नाही आणि शेजार मरतो.

त्यानंतर चारच दिवसांनी माझे यजमान सकाळी अंथरुणातून उठले नाहीत.

हाक मारली तर त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ते लाल डोळे मी ओळखले. आईचे असेच झाले होते. अंगाला हात लावला तर तवा. उठून बसायला लागले आणि एक पाय पोटाशी ओढून घेतला. मी आत्याबाईंना बोलावलं. त्यांनी एकदा बघितलं, खोपटाचं दार आतून ओढून घेतलं आणि मला गप्प राहायची खूण केली. मामा तेवढ्यात शेडकडं जायला निघायचे होते. ते गेले की मग बघू, असं आत्याबाईंचं चाललं होतं.

पण दार बंद बघून मामा बाभळीखालून चालत आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खोपटाच्या उंबऱ्यापर्यंत. त्यांनी दार ढकललं.

आत्याबाई दारात आडव्या झाल्या. “आवं, एकुलता एक हाय,” त्या म्हणाल्या. “हिच्या पोटात मूल हाय. इथंच ठेवू. मी कुणाला कळू देत न्हाई.”

“परवा मी खोपटा-खोपटापुढं काय सांगितलं ते ऐकलंस न्हवं?”

“ते लोकांना सांगितलं तुमी.”

मामा मुलाकडं बघत उभे राहिले. मला वाटलं ते ऐकतील. खरं सांगते, त्यांनी ऐकावं असंच मला वाटत होतं. मग ते हळू म्हणाले, “मग लोकांनी माझं का ऐकायचं?”

त्यांनी स्वतः गाडी जुंपली. मुलाला दोन्ही हातांनी उचलून कडब्यावर निजवलं. शेजारचे मालक आपल्या खोपटाच्या दाराशी उभे राहून बघत होते. गाडी निघाली तशी मी मागून चालायला लागले, आणि मग पळायला. मामांनी बैल थांबवले.

“पोरी, इथनं पुढं येऊ नकोस,” ते म्हणाले. “तुला सांगायला माझ्याकडं दुसरं काय न्हाई.”

कासरा त्यांच्या हातातून खाली घसरला होता, तो उचलायचंही त्यांना सुचत नव्हतं. मढी उचलताना, पंपावर पाय ठेवतानाही त्यांचे हात मी असे बघितले नव्हते. त्या कासऱ्याकडं बघून मला कळलं की आता कुणाचाच आधार धरता येणार नाही.

त्या दिवसापासून मामा बाभळीखालीही यायचे थांबले. शेडमध्येच राहिले. संध्याकाळी ते धनगराचं पोर माळाच्या कडेपर्यंत यायचं, तिथूनच हात तोंडाशी नेऊन ओरडायचं, “हाय!” एवढाच निरोप. हाय म्हणजे अजून आहे. आत्याबाई दुपारपासून त्या बाजूला तोंड करून बसायच्या. मी स्वयंपाक करायची, तो तसाच राहायचा. पोटातलं मूल हलायचं बंद झालंय असं मला एकदा वाटलं आणि मी दिवसभर पोटावर हात ठेवून बसले. मग ते हललं, तर त्याचीही भीती वाटली.

एका संध्याकाळी ते पोर आलंच नाही.

अंधार पडेपर्यंत आम्ही उभ्या होतो. आत्याबाईंनी हातातल्या बांगड्यांकडं बघितलं आणि माझ्या बांगड्यांकडं बघितलं.  आम्ही आत जाऊन बसलो. झोपायचं सोंगसुद्धा केलं नाही.

सकाळी मामा चालत आले. बाभळीपाशी आले आणि मटकन खाली बसले. दाढी वाढलेली, धोतर मळलेलं.   आत्याबाई मध्येच थांबल्या. मीच पुढं गेले. मला लांब थांबायची खूण करून मामा म्हणाले, “गाठ फुटली. ताप उतरलाय. पेज मागितली त्यानं.”

मी तिथंच मातीत बसले. आत्याबाई रडायला लागल्या. मामा मात्र तसेच बसून होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना, म्हणून माझी भीती जाईना. मी विचारलं, काल निरोप का आला नाही. ते म्हणाले, निरोप आणणाऱ्यालाच कालपासून ताप आहे.

ते पोर दोन दिवसांनी गेलं. त्याचं गाव लांब, तिथून माणूस येईपर्यंत थांबता येत नव्हतं. मामांनी त्याला अग्नी दिला, आणि आपल्या मुलासाठी पाळलं असतं तसं सुतक पाळलं. नंतर वडुजाकडं जाऊन त्याच्या आईला भेटून आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. मात्र पुढं दरवर्षी सुगी झाली की ते त्या वस्तीवर जायचे आणि दोन दिवस राहून यायचे.

उन्हं कडक झाली तशी साथ ओसरली. यजमान काठीच्या आधारानं माळावर आले, इतके वाळलेले की मी आधी ओळखलं नाही. आमची मुलगी त्या खोपटातच जन्मली. आम्ही घरी परतलो तेव्हा मामांनी आधी वखार मोकळी केली आणि जमीन उकरून खाली शहाबादी फरशी घालून घेतली, फटी चुन्यानं बुजवल्या. बीळच पडलं नाही तर मारायची पाळी येणार नाही, असं त्यांनी गवंड्याला समजावलं. त्या वर्षी आमच्या दुकानाकडं गाड्या फिरकल्या नाहीत. उंदीर पडलेलं दुकान म्हणून लोक पुढं जायचे. एक दिवस शेजारचे मालक येऊन मामांच्या गादीशेजारी बसले.  ते रोज येऊन तसे बसायला लागले, आणि हळूहळू लोकही यायला लागले.

पुढं बऱ्याच वर्षांनी, मुलगी मोठ्या शाळेत जायला लागली होती तेव्हा, मी मामांना एका दुपारी विचारलं. म्हटलं, शेडमध्ये रोज जाताना तुम्हाला भीती वाटली नाही का. ते ओसरीवर बसले होते. म्हणाले, शेडची नाही वाटली एवढी. मग सांगायला लागले.

“त्या दिवशी गाडी हाकताना मी भीक मागत होतो. ह्याला ठेव, दुसरं काय पायजे ते घे, असं सारखं म्हणत होतो. आपले भगवंत काय देत न्हाईत, घेत न्हाईत, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलोय. ते रागलोभाच्या पलीकडं गेलेले. त्यांच्याकडं मागायचं नसतं. तरी मागितलं.” त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. “आणि हा वाचला. ते पोर गेलं. तवापासनं माझ्या मनात येतं, माझं ते मागणं कुणी ऐकलं तर नसंल?”

मी म्हणाले, असं काही नसतं मामा.

“नसतं,” ते म्हणाले. “शास्त्रात न्हाईच.”

त्यांनी पंचा घडी करून मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, पोरीची परीक्षा कधी आहे. मी सांगितलं. मग त्यांनी टोपी घातली आणि ते दुकानाकडं गेले.